सुवर्णपीठात पाऊस पडत नाही

एका अख्ख्या खंडाचा पाऊस माझ्यामुळे बंद पडला, असं पुण्यातले एक लेखक आजही मानतात. त्यांचं अगदीच चूक नाही. पण तो का बंद पडला हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते.

मी अमरावतीत अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. भूगोल घेणारी मुलं बहुतेक दोन प्रकारची असतात. दुसऱ्या विषयाला जागा मिळाली नाही म्हणून आलेली, आणि पुढे स्पर्धा परीक्षा द्यायच्या म्हणून आलेली. नकाशा आवडतो म्हणून आलेलं मूल इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच. त्यामुळे पुण्याच्या एका शिक्षक प्रशिक्षणात मी नकाशावाचनावर बोलले आणि नंतर एक गृहस्थ चहाचा कप सांभाळत येऊन म्हणाले, "मॅडम, मला तुमच्याकडून एक जग तपासून घ्यायचंय," तेव्हा मी जागच्या जागी विरघळले. मुलांचे नकाशे तपासून जन्म गेला होता. जग कुणी दिलं नव्हतं.

ते कादंबरीकार होते. तीन भागांची मोठी कादंबरी लिहीत होते. जादू, राजे, तलवारी, आणि हे सगळं पृथ्वीवर नाही तर त्यांनी स्वतः घडवलेल्या भूमीवर. पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा हवा होता आणि तो शास्त्रशुद्ध हवा होता. "शास्त्रशुद्ध" हा शब्द त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत चारदा वापरला. मी पाचव्यांदा वापरून होकार दिला.

आठ दिवसांनी त्यांनी स्वतः काढलेला नकाशा आला. चार खंड होते. उत्तरेला बर्फाचा हिमराशी, दक्षिणेला जंगलाचा निबिड. मधे पश्चिमेकडे सुवर्णपीठ, जिथे विद्या, संगीत, सोन्याचे कळस आणि कादंबरीतली सगळी चांगली माणसं. त्याच्या पूर्वेला जमिनीने जोडलेला राखाडा, जिथे धूळ, काटे आणि उरलेली माणसं. दोन्हींच्या मधे उत्तर-दक्षिण पसरलेली वज्रकडा नावाची उंच डोंगररांग. राखाड्याच्या लोकांनी अलीकडे येऊ नये म्हणून देवांनीच ती उभी केली होती म्हणे.

नकाशा पाहून मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. सुवर्णपीठाची महानदी वज्रकड्यातून निघून मधेच तीन ठिकाणी फुटत होती आणि तीन वेगवेगळ्या समुद्रांना जात होती. एक नदी पश्चिमेच्या समुद्रात सुरू होऊन डोंगरावर संपत होती. एका तळ्यातून पाच नद्या बाहेर पडत होत्या आणि आत एकही येत नव्हती. शिवाय दुसऱ्या प्रकरणात राजदूत घोड्यावरून दोन दिवसांत राजधानीतून सीमेवर पोचत होता. मी घोड्याचा वेग धरून अंतर काढलं. सोनेरी साम्राज्य अमरावतीला सुरू होऊन अकोल्याच्या जरासं पुढे संपत होतं. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली तर दुपारच्या जेवणाआधी साम्राज्य ओलांडता आलं असतं.

मी फोन केला. पुण्याला फोन लागला की माझी भाषा आपोआप इस्त्री केल्यासारखी होते. बी.एड.च्या वर्षापासूनची ही सवय. "सर, नद्या एकमेकींना मिळतात. अशा वाटेल तिथे फुटत नाहीत."

"मॅडम, इथे जादू आहे."

"मग पाणी जादूने चढावर जातं, असं एक वाक्य घाला. नाहीतर उतार द्या."

त्यांनी उतार दिला. मग आमचं सूत जुळलं. खोटं कशाला बोलू, मला ते काम फार आवडू लागलं. कॉलेजमधून आले की जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून ड्रॉइंग पेपर पसरायचे. हिमराशीला मी हिमनद्या दिल्या. निबिडाच्या किनाऱ्यावर खाजणं काढली. एक समुद्रप्रवाह असा वळवला की एका ओसाड बेटावर मासेमारी सुरू व्हावी. आमच्या स्टाफरूममध्ये साधा पंखा दुसऱ्या कोपऱ्यात हलवायचा तर अर्ज लागतो. इथे मी समुद्र हलवत होते. थोडा माजही चढला. नवऱ्याने टेबलावर ताट ठेवलं तेव्हा, "निबिडावर ठेवू नका," असं मी त्यांना खरोखर म्हटलं.

मग त्यांनी राखाड्याची प्रकरणं पाठवली. सोबत चिठ्ठी होती: "तुम्ही तिकडच्याच, म्हणून या लोकांची भाषा जरा तपासून द्याल का? रांगडेपणा उतरायला हवा."

त्या दिवशी मी अकोल्याला मोठ्या बहिणीकडे गेले होते. ताई सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली. आयुष्यभर माणसांना सुया टोचल्यामुळे ती बोलतानाही फार फिरवून बोलत नाही. चहा पिता पिता मी मोठ्याने वाचायला लागले. राखाड्याचा टोळीप्रमुख कच्चं मांस तोडत म्हणत होता, "मले तुले मारायचं हाये." त्याची बायको म्हणत होती, "आकाशले काळं झालं हाये." सुवर्णपीठाचे लोक मात्र एकमेकांशी असे बोलत होते, जसे आमच्याकडे फक्त लग्नपत्रिकेत बोलतात.

ताई आधी पोट धरून हसली. "आकाशले काळं झालं? असं कोन बोलते वो?"

"हे राक्षस बोलतात. राखाड्याचे."

"मंग राक्षस आपल्यासारखे काहून बोलून राहिले?"

मी म्हटलं, त्यांना आपली भाषा रांगडी वाटते. ताईचं हसू थांबलं. तिने कप खाली ठेवला. "तू त्याले भाषा दुरुस्त करून देनार हायेस?"

खरं उत्तर 'हो' होतं. सहा पानांवर लाल पेनने मी आधीच खुणा केल्या होत्या. कुठे 'ले' लागतं, कुठे लागत नाही. राक्षसांनी निदान शुद्ध वऱ्हाडी बोलावं, इतपतच माझा अभिमान पोचला होता.

अकोल्याहून परतताना बसमध्ये पुढचं वाचलं. त्यात एक वाक्य होतं: राखाड्याच्या माणसाची सावली पडली की सुवर्णकुंडाचं पाणी काळं होतं. ते मी तीनदा वाचलं. माझं माहेर वलगावचं, घर बुद्धविहाराच्या मागे. गावातल्या कुठल्या विहिरीवर जायचं नाही हे वडिलांना लहानपणी समजावून सांगावं लागलं नव्हतं, आणि त्या विहिरीबद्दल ते शेवटपर्यंत जास्त बोलले नाहीत. घरी येऊन मी लेखकांना एकच ओळ पाठवली: सावलीचं वाक्य काढा. त्यांनी ते लगेच काढलं. का काढायचं, हे विचारलं नाही. मलाही ते सांगायचं नव्हतं. पण भाषेची सहा पानं मी पाठवली नाहीत.

बहुधा त्यामुळेच ते स्वतः आले. राखाडा डोळ्यांनी पाहायचा होता. सप्टेंबरचा महिना होता. बडनेरा स्टेशनवर ते पांढरे बूट, गळ्यात कॅमेरा आणि डोक्यावर वाळवंटात घालतात तशी टोपी घालून उतरले. बाहेर आले आणि थबकले. जिकडे पाहावं तिकडे हिरवं. सोयाबीन, कपाशी, तूर, नाल्यांना पाणी.

"हे असं नेहमी असतं?" त्यांनी विचारलं.

"पावसाळ्यात असतं. तुमच्याकडे नसतं का?"

"नाही म्हणजे, मला जरा भेगा पडलेली जमीन हवी होती."

मी त्यांना शेंदूरजनाघाटला नेलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं सासर तिथलं, सासूची संत्र्याची मोठी बाग. वाटेभर ते खिडकीतून राखाडा शोधत होते आणि राखाडा काही दिसत नव्हता. बागेत हिवाळ्यात फुललेल्या आंबिया बहाराची हिरवी फळं इतकी लागली होती की फांद्यांना बांबूचे टेकू दिले होते. पांढऱ्या बुटांना काळी माती अशी चिकटली की प्रत्येक पावलाला बूट एकेक बोट वाढत होता. शेवटी सर दोन्ही पायांवर राखाडा घेऊन उभे राहिले.

विद्यार्थिनीची सासू साठीची, डोक्यावर पदर, बोलायला खणखणीत. तिने त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि काय काम करता विचारलं. त्यांनी सुवर्णपीठ सांगितलं. सोन्याचे कळस, सात विद्यापीठं, जादूगार, योद्धे, वादक. ती मन लावून ऐकत होती.

"अन् कास्तकार कोन हायेत थ्या देशात?"

"शेतकरी?" सरांनी वही चाळली. "तसे कुणी नाहीत. म्हणजे कथेत नाहीत."

"मंग खातेत काय थे?"

सर हसले. ती हसली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "येवढे लोक वाजवून राहिले, लढून राहिले, अन् पेरनारा कोनीच नाही? राखाड्यातून आनतेत का धान्य?"

"राखाड्यात काही पिकत नाही," सर म्हणाले.

"पाह्यलं का तुमी?" तिने विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेकूकडे पाहिलं. निघताना तिने पिशवीभर लिंबं दिली, संत्री अजून तयार नाहीत म्हणाली, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हे साहेब बरे हायेत ना? घरी बायको-पोरं हायेत ना त्यायले?"

परतीच्या वाटेवर मी धीर केला. "सर, राखाड्याच्या लोकांची भाषा बदलू या. नाहीतर असं करा, वऱ्हाडी सुवर्णपीठाच्या राणीला द्या."

ते मनापासून हसले. "मॅडम, वाचकांना हसू येईल."

"का?"

ते कॅमेऱ्याची काच पुसत राहिले. अमरावतीपर्यंत त्या एका 'का'चं उत्तर आलं नाही, आणि मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. शुद्ध भाषेत भांडण करायला मला कधी जमलेलंच नाही.

तेव्हा मी ठरवलं की आपण फक्त आपलं काम करायचं. त्यांना शास्त्रशुद्ध हवंय ना, शास्त्रशुद्ध देऊ. आता कादंबरीत पहिल्या पानापासून वारा पूर्वेकडून वाहत होता. वाईट काही घडायचं असलं की पूर्ववारा सुटायचा. राखाड्याची लुटारू गलबतं त्याच वाऱ्यावर यायची. म्हणजे वारा पूर्वेच्या महासागरावरून बाष्प घेऊन येणार, राखाड्यावरून जाणार, वज्रकड्याला थडकून वर चढणार आणि सगळं पाणी पूर्वेच्या उतारावर ओतून रिकाम्या हाताने सुवर्णपीठात उतरणार. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. पुण्याच्या माणसाला ही सांगावी लागते याचंच मला नवल वाटलं. सह्याद्री त्यांच्या उशाशी आहे आणि शाळेच्या पुस्तकात उदाहरण त्यांचंच असतं.

मी लबाडी केली नाही. दोन पानांचं पत्र लिहिलं. स्पष्ट लिहिलं की या वाऱ्यात आणि या डोंगरात राखाडा हिरवागार होतो आणि सुवर्णपीठ कोरडं पडतं. वारा पश्चिमेचा करा किंवा डोंगर हलवा. त्यांचा फोन आला. ते घाईत होते.

"वारा नाही हलवता येणार, मॅडम. तीनशे पानं छापायला गेलीत."

"मग डोंगर?"

"डोंगर मुखपृष्ठावर आहे."

"मग पाऊस जिथे पडेल तिथेच दाखवते."

"हो हो, तुम्ही बघा शास्त्राप्रमाणे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी शास्त्राप्रमाणे बघितलं. राखाड्याला गडद हिरवा दिला. सुवर्णपीठाला असा फिका पिवळा दिला की घाईत पाहणाऱ्याला तो सोन्याचाच वाटावा. कोपऱ्यात सूची काढून त्या पिवळ्यासमोर लिहिलं: अत्यल्प पर्जन्याचा प्रदेश. तो छोट्या अक्षरांचा चौकोन पुण्यात कुणीही वाचला नाही. पुस्तक छापून आलं. नकाशा सुरेख दिसत होता.

काही महिन्यांनी लेखक अकोल्याला आले. एका वाचनालयाच्या सभागृहात वाचकांशी गप्पा होत्या. ताईने पहिल्या रांगेत जागा धरली होती, नातेवाइकाच्या लग्नात धरतात तशी, दोन खुर्च्यांवर रुमाल टाकून. मागे मोठ्या पडद्यावर माझा नकाशा झळकत होता. सर सुवर्णपीठाच्या झुलत्या उद्यानांबद्दल आणि सहस्र कारंज्यांबद्दल बोलले. मग प्रश्न सुरू झाले.

शेतकी शिकणारी एक मुलगी उठली. "सर, नकाशाच्या सूचीत सुवर्णपीठ अत्यल्प पर्जन्याचा प्रदेश लिहिलं आहे. मग हजार कारंज्यांना पाणी कुठून येतं?"

सरांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. मला वाटतं, तो नकाशा त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिला. त्यांना काही सुचेपर्यंत ताई उभी राहिली.

"माहा येक सवाल हाये. हे राखाड्याचे लोक आमच्यासारखे काहून बोलतेत?"

सभागृहात खसखस पिकली. सर म्हणाले, "ती एक काल्पनिक भाषा आहे."

"मी सकाळपासून थेच बोलून राहिली," ताई म्हणाली. "मले तं कोनी काल्पनिक म्हनलं नाही."

आता हशा थांबेना. सरांनी घाम पुसला आणि सभागृहात मी कुठे बसले आहे ते शोधलं. "नकाशा आपल्या अमरावतीच्या मॅडमनी केलाय. पावसाचं त्याच सांगतील."

मी उठले. तोंडात नेहमीची इस्त्रीची वाक्यं तयार होती. पण शेजारी ताई उभी होती आणि समोर सगळी आमचीच माणसं, म्हणून जे निघालं ते घरचं निघालं. "सर, मी तुमाले पत्र लिहिलं होतं. वारा तिकडून, डोंगर मधात, मंग पानी इकडेच पडन. राखाड्यात. तुमच्या तिकडं वारा उतरन थो कोरडाच. मी डोंगर हलवा म्हनलं, तुमी म्हनलं थो मुखपृष्ठावर हाये."

मी बसले. विजय वगैरे काही वाटला नाही. भर सभेत कुणाचा पाणउतारा केला की घरी जाऊन झोप लागत नाही, असा माझा स्वभाव. सरांनी मात्र प्रसंग छान निभावला. माईक हातात घेऊन म्हणाले, "हे कोरडेपण सहेतुक आहे. दुसऱ्या भागात सगळं उलगडेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं, माणूस शिकला.

दुसरा भाग वर्षभरात आला. उलगडलं ते असं. सुवर्णपीठात पूर्वी भरपूर पाऊस पडायचा. राखाड्याच्या एका चेटकिणीने तो शाप देऊन पळवला. ही चेटकीण उतारवयाची, डोळ्यांपुढे काचेचे दोन गोल धरणारी, कायम हातात कोळशाचा तुकडा घेऊन कातड्यावर रेघा ओढत बसलेली. तिने रेघ ओढली की ढग पलीकडे जात नाही. तिला एक मोठी बहीणही होती, अधिक दुष्ट. ती माणसांना काट्यांनी टोचायची. दोघी बोलत मात्र अगदी छापील मराठी. तेवढी दुरुस्ती त्यांनी केली होती.

मला फार राग आला. दोन वर्षं पर्जन्यछाया शिकवावी आणि विद्यार्थ्याने पेपरात शाप लिहावा, तसा राग. मी चार पानी पत्र पाठवलं. उत्तर आलं, कलाकृतीकडे कलाकृती म्हणून पाहावं. ताईला मी भीतभीतच फोन केला. तिने पुस्तक आधीच मागवलं होतं. गल्लीतल्या बायकांना बोलावून काट्यांचं प्रकरण वाचूनही दाखवलं होतं. तिच्या मते त्या टोचणीचं वर्णन बरोबर नव्हतं, असं कुणी दंडात आडवं टोचत नाही, पण एकंदरीत चेटकीण बरी जमली होती. "तुले काहून राग येऊन राहिला?" ती म्हणाली. "थ्या अख्ख्या पुस्तकात काम करनाऱ्या दोनच बाया हायेत. तू अन् मी."

मी पत्र लिहिणं सोडलं. अकरावीच्या वर्गात मात्र तो नकाशा लावते. जुना, सरांनी स्वतः काढलेला. यात चुका शोधा म्हणते. पहिल्या तासाला मुलं झोपेत असतात, त्या नकाशाच्या तासाला नसतात. मागच्या वर्षी एका मुलीने मलाही न दिसलेली चूक काढली. निबिडातलं बंदर कड्याच्या माथ्यावर होतं. जहाजं वर कशी चढत असतील यावर वर्ग अर्धा तास भांडला. त्या मुलीने भूगोल आवडतो म्हणूनच घेतला होता, हे मला नंतर कळलं.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. आवाज नरम होता. तिसऱ्या भागात सुवर्णपीठ वाचवायचं होतं. शाप मोडून चालणार नव्हतं, वाचकांनी म्हणे पत्रं पाठवली होती की शाप पटला नाही. काही शास्त्रशुद्ध मार्ग आहे का?

"हाये ना," मी म्हणाले. आता मी त्यांच्याशी अशीच बोलते. "वज्रकड्यात बोगदा पाडा अन् राखाड्यातून पाट आना."

"पाणी मिळवण्यासाठी युद्ध करावं लागेल," ते उत्साहाने म्हणाले.

"करा. जिंकानही. पन मंग पाट सांभाळन कोन? गाळ कोन काढन? दरवाजा कवा उघडाचा, कवा लावाचा, हे कोनाले समजते? तुमच्याकडे तं सगळे वादक."

"म्हणजे त्यांना विचारावं लागेल," ते हळूच म्हणाले.

"हो. बसून, पानी पिऊन, नीट विचारा लागन."

विचार करतो म्हणाले. तिसरा भाग अजून आलेला नाही. परवा ताईने विचारलं, थ्या सोन्याच्या देशाचं पुढं काय झालं वो? मी म्हटलं, काही नाही, तहानलेले बसले हायेत, अन् कोनाले पानी मागावं का नाही याचा विचार करून राहिले.